तुझ्या गुडघ्याचं निमित्त

मंगळवारी सकाळी पावणेनऊला तू ऑफिसला गेलीस. अकरा वाजता पाया लेबारहून, तुझ्या बँकेतून, फोन आला. मी वन-नॉर्थच्या माझ्या ऑफिसातून टॅक्सी केली. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा डॉक्टर दाराशी उभ्या होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं.

त्याला सात आठवडे झाले, वैजू. एवढ्या दिवसांत मी तुला काहीच लिहिलं नाही याचं तुला नवल वाटणार नाही. एका परिच्छेदाला आठवडा लावणारा माणूस, अशीच तू माझी ओळख करून द्यायचीस. भेटायला आलेल्यांनी तुझ्याबद्दल खूप सांगितलं. बँकेतली तुझी शिस्त, दिवाळीत शंभर माणसांसाठी केलेली चकली, नव्याने इथे आलेल्या मुलींना फ्लॅट शोधून देणं. ते सगळं खरं आहे आणि ते त्यांच्यापाशी सुखरूप आहे. मला तुझ्याशी एकाच सकाळबद्दल बोलायचं आहे.

ग्रीसमधल्या क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लुत्रो नावाचं गाव आहे. त्या गावात, नाश्त्याच्या टेबलावर, मी तुला म्हणालो होतो, ‘पुढची वाट तुझ्या गुडघ्याला झेपायची नाही.’ ते खोटं होतं. चार वर्षं मी ते तुला सांगायचं ठरवत होतो. तू गेलीस ती आपल्या गुडघ्यापायी एक वाट हुकली असं समजून गेलीस, हे मला गेले सात आठवडे बसू देत नव्हतं.

क्रीटचं खूळ तुझं, पण पुस्तक मी आणलं होतं. डोंगरवाटांची पुस्तकं मी लायब्ररीतून आणायचो ती वाचायला. कुठे झरा आहे, कुठे दगडावर दगड रचून खूण केली आहे, कुठल्या वळणावर समुद्र दिसतो, हे खुर्चीत बसून वाचण्यात मला पुरेसा आनंद होता. तू एकदा ते पुस्तक इस्त्री करता करता चाळलंस आणि म्हणालीस, ‘मे महिन्यात जाऊ.’ लग्न ठरलं तेव्हा तू दर रविवारी सिंहगड चढणारी मुलगी होतीस आणि मी दर रविवारी जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडणारा मुलगा. इतक्या वर्षांच्या सिंगापूरने त्यात फरक पाडला नव्हता. फक्त गड नव्हता.

पंधरा साल होतं ते. बुकिट तिमाहची टेकडीसुद्धा दुरुस्तीसाठी बंद होती. मग तू आपल्या ब्लॉकचा जिना काढलास. पंचवीस मजले. शनिवारी सकाळी तळापासून वरपर्यंत, चार वेळा. पाठीवर वजन हवं म्हणून सेरंगून रोडवरून पाच किलो तांदळाची पिशवी आणून सॅकमध्ये टाकलीस, आणि माझ्या सॅकमध्ये तूरडाळ. महिनाभर चढवलेला तांदूळ मग स्वयंपाकघरात जायचा आणि सॅकमध्ये नवी पिशवी यायची. पाहुणे जेवायला आले की तू भात वाढताना सांगायचीस, ‘घ्या अजून. हा भात चारशे मजले चढून आलाय.’

वेळापत्रक मी केलं होतं. कुठल्या आठवड्यात किती मजले, मध्ये विश्रांती किती, सगळं तक्त्यात. त्या तक्त्याच्या खाली मी एक नियम लिहिला: उतरताना लिफ्ट. चाळिशी उलटून गेल्यावर उतरण्याने गुडघे झिजतात असं मी कुठेतरी वाचलं होतं. तुला ते पटलं नव्हतं. ‘डोंगराला लिफ्ट असते का रे?’ असं तू एकदा विचारलंस, पण नियम पाळलास. आपण वर चढायचो, घाम पुसत लिफ्टने खाली यायचो आणि पुन्हा चढायला लागायचो.

सतराव्या मजल्यावरच्या आंटी आठवतात ना, जिन्याच्या तोंडाशी कुंड्या मांडून बसणाऱ्या? पहिल्या शनिवारी त्यांनी आपल्याला सॅक घेऊन चढताना पाहिलं आणि घाबरून विचारलं, ‘लिफ्ट स्पॉइल, आ?’ तू म्हणालीस, ‘नो आंटी, ट्रेनिंग.’ अर्ध्या तासाने आपण पुन्हा खालून वर आलो. त्या बघत राहिल्या. ‘यू फर्गेट समथिंग, आ?’ तिसऱ्या फेरीला त्यांनी काहीच विचारलं नाही, फक्त खुर्ची मागे ओढून वाट करून दिली. त्या दिवशी तू बाविसाव्या मजल्यापर्यंत हसत होतीस, आणि दम लागल्यावर मलाच रागावलीस.

क्रीटमधल्या सामारियाच्या घळीचा उतार जिथे सुरू होतो त्या जागेच्या नावाचा अर्थ ‘लाकडी जिना’ असा आहे, हे मी तुला बसमध्ये वाचून दाखवलं होतं. खाली पाहिलंस तर खरंच लाकडी कठड्यांच्या पायऱ्या धुक्यात उतरत गेलेल्या. तू कमरेवर हात ठेवलेस. ‘घ्या! इतकी लांब आले आणि पुन्हा जिनाच!’

आणि तो सगळा उतरणीचा. सोळा किलोमीटर, जवळजवळ बाराशे मीटर खाली, थेट लिबियाच्या समुद्रापर्यंत. पुस्तकात हे स्पष्ट छापलेलं होतं. मी ते पान किमान दहा वेळा वाचलं होतं. ‘उतार’ हा शब्द मी पेन्सिलने अधोरेखित केला होता, आणि तीन महिने आपण दोघं नेमकं चढायला शिकलो होतो. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आपण सहाव्या किलोमीटरवर होतो आणि तू एका सुरूच्या खोडाला टेकून उजवा गुडघा चोळत होतीस. मी खरं काय ते सांगितलं. तू आधी माझ्याकडे बघितलंस, मग वर बघितलंस, आणि म्हणालीस, ‘तक्ता छान होता पण.’

तो दिवस माझ्याकडे आहे, वैजू. बाकी पुष्कळ काही पुसट होत जाईल, तो दिवस होणार नाही. चिडाच्या डिंकाचा वास, आणि पाय ठेवू तिथे चिरडणाऱ्या रानटी थाइमचा. तू त्याचं पान चावून म्हणालीस, ‘हा तर ओवा!’ आणि मूठभर खुडून पिशवीत टाकलास. नदीच्या पात्रात कण्हेर फुलली होती, मैलभर, गुलाबी. ‘इथे पूजेला तोडत नाहीत ना, म्हणून एवढी माजलीय.’ ओसाड गावातल्या दगडी बाकावर आपण दशम्या खाल्ल्या आणि एक रानबकरी आपल्या समोर येऊन उभी राहिली. पुस्तकात लिहिलं होतं की त्यांना काही खायला घालू नये. मी ते मोठ्याने वाचलं. तू दशमी मागे लपवलीस आणि तिला मराठीत समजावलंस, ‘साहेब नको म्हणतात गं.’

घळ जिथे सर्वांत अरुंद होते तिथे मी तिची रुंदी वाचून दाखवायला लागलो, तर तू पुस्तकावर हात ठेवलास. ‘बंद कर. मोजू.’ तू एका भिंतीला तळवा लावलास, मी दुसऱ्या बाजूने हात लांबवला. आपली बोटं जुळली, पण माझा दुसरा हात भिंतीला पोचेना. हातभर कमी पडलो. मागून येणाऱ्या एका उंच बाईला तू खुणेने मध्ये घेतलंस. ती कुठली होती कोण जाणे. तिने हसून आपले हात धरले आणि मग आपण तिघांनी ती घळ या कड्यापासून त्या कड्यापर्यंत भरून टाकली. पुस्तकातला आकडा आज मला आठवत नाही. घळ दोन माणसं आणि एक अनोळखी बाई एवढी रुंद आहे, हे आठवतं.

वाट हवी की वाटेबद्दलचं पुस्तक, हा आपला वाद तिथे तू जिंकलास असं मी कबूल करायला हवं होतं. मी म्हणालो, ‘पण पुस्तक नसतं तर इथे आलो नसतो.’ तू म्हणालीस, ‘आणि मी नसते तर?’ याचं उत्तर मी दिलं नाही. देतो. आलो नसतो.

संध्याकाळी समुद्राशी पोचलो तेव्हा तुझा गुडघा सुजला होता. बोटीने आपण लुत्रोला गेलो. त्या गावाला रस्ता नाही, एक तर बोट नाहीतर पाऊलवाट. दीड दिवस तू पाय खुर्चीवर ठेवून समुद्र बघत बसलीस आणि घरमालकीणबाईंशी खाणाखुणांनी गप्पा मारल्यास. दुसऱ्या संध्याकाळी तू बाल्कनीत पाय दुमडून, ताणून दाखवलास. सूज गेली होती. ‘उद्या चालतच पुढे,’ तू म्हणालीस. पुढच्या गावापर्यंत तीनेक तासांची किनाऱ्याची वाट होती, आणि तिथून बस. ती वाट तू इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून निवडलेली होतीस. तिच्या फोटोसाठी तर तू तिकिटं काढलीस. डोंगराच्या कड्यात कोरलेली एक रेघ, आणि खाली निळं पाणी.

आता ती सकाळ.

उजाडताना मी उठलो. तू झोपली होतीस, असं मला वाटलं. वाट आधी पाहून यावी, तुझ्या गुडघ्यासाठी, असं मी स्वतःला सांगितलं. तासाभरात गोड्या पाण्याचे झरे असलेली ती पुळण लागली, आणि तिच्या पुढे कड्यातली रेघ सुरू झाली. वाट तशी बरी होती, दोन माणसं निभावतील इतकी रुंद. डाव्या हाताला खडक, उजव्या हाताला काही नाही. मी वीस-पंचवीस पावलं गेलो. मग समुद्राकडे बघितलं. तिथून पुढे पाय उचलेना, वैजू. मागेही उचलेना. मी पन्नाशीचा माणूस खाली बसलो, पाठ खडकाला लावली आणि डोळे मिटले. किती वेळ गेला माहीत नाही. मग बसल्याबसल्या, तळहातांवर भार देत, ती वीस-पंचवीस पावलं मागे सरकत आलो.

परत आलो तेव्हा तू टेबलाशी होतीस. समोर मध घातलेली ती चीजची पोळी.

‘कुठे गेला होतास?’

‘वाट बघून आलो. तुझ्या गुडघ्याला झेपायची नाही ती.’

‘दुखत नाहीये आता. बघ.’ तू पाय दुमडलास.

‘उतार आहेत फार. परत दुखायला लागला म्हणजे?’

‘गुडघा कुणाचा?’

‘तुझा.’

‘मग ठरवणार कोण?’

‘मी पाहून आलोय, वैजू. तू पाहिलेली नाहीस.’

तू माझ्याकडे थोडा वेळ बघितलंस. मग उरलेली पोळी माझ्या ताटलीत सरकवलीस. ‘खा. बोट किती वाजता आहे?’ मी आंघोळ करून आलो तोपर्यंत तू माझी पँट धुऊन बाल्कनीत वाळत घातली होतीस. ‘ऊन आहे, वाळेल तेवढ्यात,’ म्हणालीस.

बोटीत तू डाव्या बाकावर बसलीस. कड्यातली ती रेघ आपल्याबरोबर चालत होती. तिच्यावर माणसं दिसत होती, मुंग्यांएवढी. ‘ती बघ, आजी काठी घेऊन चाललीय,’ तू म्हणालीस. मी पुस्तक उघडलं.

त्यानंतर घरी कुणी क्रीटबद्दल विचारलं की तू सांगायचीस, ‘अर्धं चालून पाहिलं, अर्धं बोटीतून. माझा गुडघा, काय करता!’ लोक हळहळायचे, तेलं सुचवायचे. मी ताटाकडे बघायचो. पाहुणे गेल्यावर सांगू, असं प्रत्येक वेळी ठरवायचो. पाहुणे जायचे, तू भांडी विसळायला लागायचीस, मी दिवाणखान्यातले दिवे घालवायचो.

आणि तू शनिवारचा जिना सोडला नाहीस. टेकडी पुन्हा उघडली तरी सोडला नाहीस. माझा नियम मात्र तू मोडलास. उतरतानाही पायऱ्यांनीच यायला लागलीस. ‘सवय करते. पुढच्या वेळी कुणाला गुडघ्यावर ढकलता यायचं नाही,’ असं एकदा बाटली तोंडाला लावता लावता म्हणालीस. मी लिफ्टने आधीच खाली येऊन तुझी वाट बघत उभा होतो. ते वाक्य तेव्हा मला सरळ वाटलं. तू जिद्दी आहेस असं वाटलं, आणि नेहमीसारखं आतून टोचलं.

मागच्या रविवारी ईरा दाराशी बसून बूट काढत होती. तू गेल्यापासून ती इथेच राहते. दारामागे तुझी सॅक टांगलेली आहे, शेवटच्या शनिवारी ठेवलीस तशीच. ‘बाबा, ह्याच्यात अजून राइस आहे. फाइव्ह किलोज. किती दिवस ठेवणार? किडे येतील, यू नो.’

मी म्हणालो, ‘राहू दे.’ आणि मग, का ते मला सांगता येणार नाही, तिला सगळं सांगितलं. कडा, ती वीस-पंचवीस पावलं, बसून मागे येणं, नाश्त्याचं टेबल. ‘तुझ्या आईला ती वाट हवी होती. मी घाबरलो आणि तिच्या गुडघ्याचं नाव घेतलं. तिला कधी कळलं नाही.’

ईराने बूट हातातच धरला होता. तिचे डोळे भरले आणि त्याच वेळी ती हसायला लागली. तू हसायचीस तशी, खांदे हलवत.

‘बाबा. आईला माहीत होतं, लाह.’

‘काय?’

‘शी ऑल्वेज न्यू. त्या मॉर्निंगला ती झोपलेली नव्हती. बाल्कनीतून तुला जाताना बघितलं. आणि मग तुझी पँट.’

‘पँटचं काय?’

‘पुढे क्लीन, मागे फुल्ल माती. आई म्हणाली, हा माणूस बसून बसून परत आलाय.’

मी खाली बसलो, बुटांच्या कपाटावर. ‘मग बोलली का नाही?’

‘मी पण तेच विचारलं. तिने प्रॉमिस घेतलं माझ्याकडून. म्हणाली, बाबांना सांगायचं नाही. तो स्लो आहे, पण एक दिवस स्वतः सांगेल. तोपर्यंत गुडघा माझा राहू दे, मला काय, तेलं मिळतायत फ्री.’

वैजू, तू पाहुण्यांसमोर ‘माझा गुडघा’ म्हणताना माझ्याकडे बघायची नाहीस. मला वाटायचं, तुला वाईट वाटतं म्हणून. आता कळतं की तू मला जागा करून देत होतीस, त्या सतराव्या मजल्यावरच्या आंटींसारखी, खुर्ची मागे ओढून. चार वर्षं. माझी भीती तू स्वतःच्या नावावर सांभाळलीस, तिच्यावर लोकांची हळहळ घेतलीस, आणि मला एकदाही पकडलं नाहीस. मी तुझ्याशी खोटं बोललो हे ओझं मी चार वर्षं वाहतोय असं मला वाटत होतं. ते तू त्याच सकाळी धुऊन वाळत घातलं होतंस.

मला वेळेवर सांगायला हवं होतं. तू वाट बघत होतीस, आणि मी परिच्छेद जुळवत होतो. हे दुःख राहील. पण त्याच्याहून मोठं जे आहे, त्याला आभार म्हटलं तर तू हसशील. तरी म्हणतो.

काल शनिवार होता. ईराने तुझी सॅक पाठीला लावली, मी तूरडाळ घेतली. सतराव्या मजल्यावर आंटी उठून उभ्या राहिल्या. तुझं त्यांना मी आधीच सांगितलं होतं. त्यांनी ईराच्या पाठीवरच्या सॅकला हात लावला. ‘मदर्स बॅग,’ म्हणाल्या. मग कुंडीतली पांदानची दोन लांब, सुवासिक पानं कापली आणि तिच्या हातात दिली. ‘पुट इनसाइड राइस.’

पंचविसाव्या मजल्यावरून ईरा सवयीने लिफ्टकडे वळली. मी तिला म्हटलं, पायऱ्यांनी जाऊ. उतरताना माझे गुडघे दुखले. दुपारी आम्ही पिशवीतला तांदूळ काढला, पांदानचं पान गाठ मारून भातात टाकलं. आंबेमोहोराचा वास आला घरभर. ईराने वरणभात दोनदा घेतला आणि म्हणाली, ‘हा भात पण चढून आला, नो?’

सॅकमध्ये आता साडेचार किलो तांदूळ आहे. आता दर शनिवारी आम्ही दोघं चढणार आणि पायऱ्यांनी उतरणार. लुत्रोपासूनची ती वाट चालायची राहिली आहे.